पोचट दाण्याची साक्ष

खळ्यावर वारा द्यायला उभं राहिलं की धान्याची पारख आपोआप होते. भरलेला दाणा सरळ पायाशी पडतो, पोचट दाणा भुसाबरोबर लांब जाऊन पडतो. कोकणात भाताच्या अशा रिकाम्या दाण्याला पळंज म्हणतात. देशावर पोचट म्हटलं की काम भागतं. वाऱ्यातून सुटलेले चारदोन दाणे सुपात येतात आणि पाखडताना तेही उडून जातात. पोचट दाणा दळता येत नाही, पेरता येत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

मक्यावर संशोधन करणाऱ्यांनी मात्र नेमका हाच दाणा जपून ठेवला. अमेरिकेत मायरन न्यूफर आणि विल्यम शेरिडन यांनी मक्याच्या परागावर रसायनाचा प्रयोग करून दाण्यात खोट असलेली शेकडो कुळं मिळवली आणि १९८० साली त्यांची पद्धतशीर नोंद प्रसिद्ध केली. काही दाणे खुरटलेले, काही सुरकुतलेले, तर काहींच्या आत काहीच नाही. दाणा भरायला काय काय लागतं हे भरलेल्या दाण्याकडे पाहून कळत नाही. तिथे सगळं सुरळीत झालेलं असतं आणि सुरळीत झालेलं काम आपल्या खुणा मागे ठेवत नाही. रिकामा दाणा मात्र सांगतो की इथे एक गोष्ट कमी पडली. त्या एकेका गोष्टीचा माग काढत गेलेले संशोधक कितीदा तरी एकाच ठिकाणी पोहोचले: पेशीतल्या एका निरोपातलं एक अक्षर बदलायचं होतं आणि ते बदललं नव्हतं.

कणसातला चौथा दाणा

असं एखादं कणीस सोललं तर आधी दिसतात त्या ओळींमधल्या खाचा. दाणे टपोरे, एकमेकांना खेटून बसलेले आणि मध्येच एखादा खाली दबलेला. नखाने दाबला तर साल आत जाते, हाताला काही लागत नाही. कणीस चिकात असताना सोललं तर फरक आणखी उघड होतो. शेजारच्या दाण्याला नख लावलं की पांढरा चीक येतो. या दाण्यातून पाणी येतं. अशा वाणांना शास्त्रज्ञांनी ‘एम्प्टी पेरिकार्प’ म्हणजे ‘रिकामी साल’ असंच नाव दिलं आणि पुढे ते ‘एम्प’ एवढंच उरलं.

आता हे दाणे मोजायचे. झाडाने स्वतःच्याच परागाने धरवलेल्या कणसावर चारशे दाणे असतील तर त्यांतले शंभराच्या आसपास रिकामे निघतात. चारात एक. मेंडेलच्या वाटाण्यापासून हे प्रमाण आपल्या ओळखीचं आहे. झाडाकडे एका जनुकाची एक प्रत चांगली आणि एक नादुरुस्त असते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून नादुरुस्त प्रत ज्या दाण्याच्या वाट्याला येते तो भरत नाही. शेतात आपल्याला दिसणारा पोचटपणा बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने येतो. ऐन तुऱ्यावर ऊन तापलं, पाण्याचा ताण पडला, पराग नीट पडला नाही, तर कणसाचा शेंडा रिकामा राहतो किंवा ओळी विस्कटतात. त्यात चारात एक असा हिशेब नसतो. एम्पच्या कणसावर रिकामे दाणे सगळीकडे विखुरलेले असतात आणि मोजले की हिशेब जुळतो.

पण हजारो जनुकांतलं कोणतं जनुक नादुरुस्त आहे, हे शोधायचं कसं? इथे मक्याचीच एक जुनी खोड उपयोगी पडली. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यातच डीएनएचे असे तुकडे सापडले होते, जे एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. त्या शोधासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं. असा उड्या मारणारा तुकडा एखाद्या जनुकात घुसला की ते जनुक बंद पडतं आणि तो तुकडाच तिथे निशाणासारखा उभा राहतो. त्याचा माग धरून बिघडलेलं जनुक हाती लागतं. एम्पच्या वेगवेगळ्या कुळांत अशी जनुकं शोधली गेली तेव्हा त्यांतली बरीचशी एकाच घराण्यातली निघाली. त्या घराण्याकडे वळण्याआधी दाणा भरतो कसा, हे पाहायला हवं.

दाणा भरतो कसा

फुलझाडांत फलन दोनदा होतं. परागनलिकेतून दोन पुंपेशी येतात. एक अंडपेशीशी एकरूप होते आणि तिचा भ्रूण होतो. पुढचं झाड ते हेच. दुसरी पुंपेशी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांना जाऊन मिळते आणि तिथून भ्रूणपोष तयार होतो. १८९८ साली सर्गेई नवाशिन यांनी हे दुहेरी फलन पहिल्यांदा दाखवलं. भ्रूणपोष ही भ्रूणाची शिदोरी. मक्याच्या पक्व दाण्याच्या वजनात ८० टक्क्यांहून अधिक वाटा या शिदोरीचा असतो. आपण खातो ती लाही म्हणजे फुललेला भ्रूणपोष; भाकरीचं पीठ, भाताचं शित, गव्हाचा रवा ही सगळी भ्रूणाच्या ताटातून आपण उचललेली शिदोरी आहे.

ही शिदोरी बाहेरून आणावी लागते. झाडाच्या रसवाहिन्या दाण्याच्या बुडाशी येऊन थांबतात. आईच्या ऊतीतून दाण्याच्या आत जाणारी एकही नळी नाही. साखर आणि अमिनो आम्लं बुडाशी असलेल्या पेशींच्या एका थरातून आत घ्यावी लागतात. या पेशींच्या भिंतींना आतून असंख्य घड्या असतात, त्यामुळे माल आत घेण्याचं क्षेत्र कितीतरी वाढतं. हमालीचं हे काम फुकट होत नाही, त्याला ऊर्जा लागते. म्हणून या पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जाघरं. बुडाशी हमाली चाललेली असताना वरच्या भागात पेशी झपाट्याने वाढतात आणि आलेल्या साखरेचं पिष्ट करून साठवतात. काही आठवड्यांत उरकायच्या या कामात ऊर्जेची मागणी शिगेला पोहोचते. पानाला थोडी कमी ऊर्जा मिळाली तर झाड रखडत का होईना जगतं. दाण्याला ती सवलत नाही. म्हणूनच तंतुकणिकांमधला बिघाड दाण्यात इतका ठळक दिसतो.

तंतुकणिकांना स्वतःचा डीएनएही असतो. फार पूर्वी त्या स्वतंत्र जिवाणू होत्या. एका मोठ्या पेशीत येऊन राहिल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांची बहुतेक जनुकं हळूहळू केंद्रकात गेली, थोडी मागे उरली. अ‍ॅराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटीशी वनस्पती प्रयोगशाळांची लाडकी आहे. तिच्या तंतुकणिकांत ५७ जनुकं ओळखली गेली. ऊर्जा बनवणाऱ्या यंत्राचे काही सुटे भाग अजून या जनुकांवरूनच घडतात. त्या जनुकांच्या मजकुरातच शास्त्रज्ञांना एक कोडं सापडलं.

सीजीजीचं कोडं

जनुकाचा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि ती प्रत तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचून प्रथिन घडतं. एकेक शब्द म्हणजे एकेक अमिनो आम्ल. सीजीजी या शब्दाचा अर्थ आर्जिनिन. यूजीजीचा अर्थ ट्रिप्टोफॅन. जिवाणूपासून माणसापर्यंत हा कोश जवळपास सारखाच आहे.

१९८१ साली थॉमस फॉक्स आणि क्रिस्टोफर लीव्हर यांनी मक्याच्या तंतुकणिकेतलं कॉक्स-२ हे जनुक वाचून काढलं. श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यावर ऑक्सिजन वापरणाऱ्या यंत्राचा एक भाग त्यावरून बनतो. इतर सजीवांमधलं तेच जनुक शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा एक विसंगती दिसली. इतरांकडे जिथे ट्रिप्टोफॅन आहे, तिथे मक्याच्या जनुकात काही ठिकाणी सीजीजी लिहिलेलं होतं. इतक्या महत्त्वाच्या जागी आर्जिनिन कसं चालेल? त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या वेळी सयुक्तिकच होता: वनस्पतींच्या तंतुकणिकांत सीजीजीचा अर्थच वेगळा असावा, ट्रिप्टोफॅन. जगभरच्या कोशाला वनस्पतींचा हा अपवाद धरला गेला आणि आठ वर्षं तो टिकला.

दरम्यान १९८६ साली नेदरलँड्समध्ये रॉब बेने यांच्या गटाला निद्रारोग घडवणाऱ्या परजीवीच्या कुळात काही वेगळंच दिसलं. जनुकात नसलेली अक्षरं त्याच्या आरएनएत होती. प्रत निघाल्यावर कुणीतरी ती भरली होती. या घटनेला आरएनए-संपादन हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी माणसातही त्याचा एक नमुना सापडला: चरबी वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या आरएनएत आतड्यातल्या पेशी एक अक्षर बदलतात, यकृतातल्या पेशी बदलत नाहीत आणि त्यामुळे एकाच जनुकापासून लांब आणि आखूड अशी दोन प्रथिनं बनतात.

वनस्पतींचं कोडं १९८९ साली सुटलं, तेही तीन ठिकाणी एकाच वर्षी. कॅनडात पॅट्रिक कोवेलो आणि मायकेल ग्रे, फ्रान्समध्ये जाँ-मिशेल ग्रिननबर्जर यांचा गट आणि जर्मनीत आक्सेल ब्रेनिके यांचा गट. पहिल्या दोघांनी गहू घेतला होता, तिसऱ्याने ईव्हनिंग प्रिमरोझ. तिघांनीही जनुक वाचण्यावर न थांबता त्याची आरएनए प्रतही वाचली. जनुकात सीजीजी होतं, प्रतीत यूजीजी. शब्दकोश बदललेला नव्हता, शब्दच बदलला होता. सी या अक्षराच्या जागी यू आलं होतं. दोन वर्षांनी, १९९१ साली, हान्स क्योसेल यांच्या गटाने मक्याच्या हरितलवकातही, म्हणजे क्लोरोप्लास्टमध्येही, हेच दाखवलं. तिथे एका जनुकाचा आरंभशब्द डीएनएत चुकीचा होता; प्रतीत तो सुधारल्यावरच वाचन सुरू होत होतं.

जुन्या हस्तलिखित पोथ्यांमध्ये लेखनिकाकडून अक्षर चुकलं तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि त्यावर बरोबर अक्षर लिहीत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार आज आपण बिघडवण्याच्या अर्थाने वापरतो, पण मुळात ती दुरुस्ती होती. वनस्पतीच्या पेशीत तसाच हरताळ चालतो, फक्त एका फरकाने. मूळ पोथीला कुणी हात लावत नाही. ती तशीच चुकीची राहते आणि तिच्यावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक पेशीत, नव्याने लेप द्यावा लागतो.

अक्षर शोधणारे हात

अ‍ॅराबिडॉप्सिसच्या तंतुकणिकांत जनुकांच्या मजकुरात सी-ची यू करण्याच्या ४४१ जागा १९९९ साली नोंदल्या गेल्या. भाताच्या तंतुकणिकांत २००२ साली ४९१ मोजल्या गेल्या. मजकुरात सी तर हजारो. त्यांतले नेमके हेच कोण ओळखतं?

याचं पहिलं ठोस उत्तर २००५ साली जपानमधल्या तोशिहारू शिकानाई यांच्या गटाकडून आलं. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या हरितलवकात एका आरंभशब्दाची दुरुस्ती सीआरआर-४ या एका प्रथिनावाचून होत नाही, असं त्यांनी दाखवलं. हे प्रथिन पीपीआर घराण्यातलं होतं. पेंटाट्रायकोपेप्टाइड रिपीट हे त्याचं पूर्ण नाव. ग्रीक भाषेत पेंटा म्हणजे पाच आणि ट्रायाकॉन्टा म्हणजे तीस. साधारण ३५ अमिनो आम्लांचा एक नमुना या प्रथिनांत पुन्हा पुन्हा येतो म्हणून इयन स्मॉल आणि नेमो पीटर्स यांनी २००० साली हे नाव दिलं. माणसात या घराण्याची अवघी ७ जनुकं आहेत. अ‍ॅराबिडॉप्सिससारख्या वीतभर झाडाच्या केंद्रकात ती सुमारे ४५० आहेत.

पीपीआर प्रथिनाची रचना माळेसारखी असते. प्रत्येक मणी आरएनएच्या एका अक्षरासमोर बसतो आणि मण्यातली ठरावीक दोन अमिनो आम्लं कोणतं अक्षर चालेल हे ठरवतात. २०१२ साली अ‍ॅलिस बार्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाचनाचा संकेत उलगडला. सबंध माळ ओळीने जुळली तरच प्रथिन आरएनएवर घट्ट बसतं. म्हणून हजारो अक्षरांतली आपली जागा ते चुकत नाही. माळेचा शेवटचा मणी दुरुस्तीच्या सी-च्या अलीकडच्या चौथ्या अक्षरावर येतो आणि त्यापुढे माळेच्या टोकाला असलेला भाग बरोबर त्या सी-वर टेकतो.

या टोकाला डीवायडब्ल्यू म्हणतात. त्याच्या पोटात जस्ताचा अणू असतो आणि हाच भाग प्रत्यक्ष दुरुस्ती करतो. सी आणि यू यांच्यात रासायनिक अंतर फार नाही: सी-वरचा अमिनो गट काढून तिथे ऑक्सिजन बसला की यू तयार. काही पीपीआर प्रथिनांना हे टोक नसतं. ती जागा दाखवतात आणि टोक असलेलं दुसरं प्रथिन सोबतीला घेतात. फुलझाडांत मॉर्फ नावाची आणखी काही प्रथिनं या कामात हात लावतात. शेवाळांकडे वळलं तर हीच यंत्रणा कितीतरी साधी आहे. २०१९ साली एका शेवाळातलं पीपीआर प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत नेऊन ठेवलं आणि तिथे, परक्या घरातही, त्याने एकट्याने आपलं अक्षर शोधून बदललं.

ही सगळी प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि मग तंतुकणिकेत किंवा हरितलवकात पाठवली जातात. म्हणजे मजकूर एका घरचा, दुरुस्ती करणारा दुसऱ्या घरचा.

रिकाम्या दाण्यात काय सापडलं

आता एम्पच्या कणसाकडे परत येऊ. चीनमधल्या बाओत्साय तान यांच्या गटाने २०१३ साली एम्प-५ या वाणाचा उलगडा केला. त्यात बिघडलेलं जनुक डीवायडब्ल्यू टोकाच्या पीपीआर प्रथिनाचं निघालं. रिकाम्या दाण्यातला आरएनए वाचला तेव्हा तंतुकणिकेतल्या आरपीएल-१६ या जनुकाच्या प्रतीत ४५८ व्या जागी सी तसाच होता. निरोगी दाण्यात त्या जागी प्रत्येक प्रतीत यू असतो. आणखी नऊ जागी दुरुस्ती कमी पडली होती. आरपीएल-१६ वरून रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या कारखान्याचा, एक भाग बनतो. तंतुकणिकेचा स्वतःचा कारखानाच सदोष झाला की श्वसनाच्या यंत्राचे जे भाग तिथे घडायचे तेही नीट घडत नाहीत. भ्रूण अगदी प्राथमिक अवस्थेत थांबतो, भ्रूणपोष वाढत नाही आणि आईच्या ऊतीपासून बनलेली साल तेवढी पूर्ण वाढते. रिकामी साल उरते ती अशी.

त्याच गटाने २०१४ साली ‘स्मॉल कर्नल-१’ या खुरट्या दाण्याच्या वाणाची गोष्ट मांडली. तिथे बिघाड आणखी नेमका होता: नॅड-७ या जनुकाच्या प्रतीतली ८३६ वी जागा. नॅड-७ चं प्रथिन श्वसनसाखळीतल्या पहिल्या संकुलाचा भाग आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन साखळीत शिरतात ते मुख्यतः या दारातून. ते एक अक्षर बदललं नाही तर हे संकुल नीट जुळत नाही.

दार बंद झालं म्हणून पेशी लगेच मरत नाही. वनस्पतींकडे एक आडवाट आहे, पर्यायी ऑक्सिडेज नावाचं विकर. अशा बिघडलेल्या दाण्यांत ते मोठ्या प्रमाणात तयार होतं. या वाटेने इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात खरे, पण वाटेत मिळायची ऊर्जा फार थोडी हाती लागते. बाकीची उष्णता होऊन जाते. सुरणाच्या कुळात ही उष्णता कामाला येते: सुरणाचा फुलोरा उमलताना याच विकरामुळे तापतो आणि त्याचा उग्र दर्प कीटकांपर्यंत जातो. भरू पाहणाऱ्या दाण्याला मात्र उष्णतेचा उपयोग नाही. त्याला साखर आत ओढायची आहे, पिष्ट साठवायचं आहे. चूल पेटलेली आहे आणि भात शिजत नाही, अशी त्याची अवस्था होते.

भाताचा नमुना याहून थोडा आधीचा आहे. कोरियातल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली ओजीआर-१ नावाचं पीपीआर जनुक शोधलं. ते बिघडलं की तंतुकणिकेतल्या पाच जनुकांच्या प्रतींमध्ये मिळून सात जागा दुरुस्तीवाचून राहतात. इथे दाणा रिकामा राहत नाही. तो अपारदर्शक होतो, उशिरा रुजतो आणि रोप बुटकं राहतं. चांगला तांदूळ उजेडात धरला तर काचेसारखा दिसतो, कारण पिष्टाचे कण आत दाटीने बसलेले असतात. मध्ये पोकळ्या राहिल्या की दाणा खडूसारखा पांढरट दिसतो. अर्थात बाजारातल्या प्रत्येक पांढरट तांदळाचं कारण हे नव्हे. दाणा भरताना रात्री उष्ण राहिल्या तरी तसं होतं.

या शोधांनंतर मक्यात आणि भातात अशी जनुकं एकामागून एक सापडत गेली. प्रत्येकाची जागा वेगळी आणि शेवटी दिसणारं चित्र मात्र सारखं: दाणा भरत नाही.

चूक मुळातच का सुधारली नाही

कुणालाही पडेल असा प्रश्न आहे. शेकडो जागी रोज दुरुस्ती करत बसण्यापेक्षा डीएनएतच योग्य अक्षर का आलं नाही?

बहुतेक शास्त्रज्ञांना पटलेली मांडणी अशी. कुठल्याशा प्राचीन वनस्पतीत आरएनएवरचं अक्षर बदलणारं एखादं प्रथिन आधीच, दुसऱ्या काही कारणाने, उपलब्ध होतं. मग डीएनएत एखाद्या जागी टी-ची सी झाली (आरएनएत जिथे यू असतं तिथे डीएनएत टी असतं). एरवी ती चूक घातक ठरली असती आणि ते झाड मागे उरलं नसतं. पण दुरुस्ती करणारा हजर असल्याने चूक खपून गेली. चूक टिकली तसं दुरुस्ती करणाऱ्याचं काम अत्यावश्यक झालं. आता त्याला काढलं तर दाणा भरत नाही. अशा एकेक चुका साठत गेल्या. लाभ काहीच नाही, पण परतीची वाटही नाही. असंच काहीसं घडलं असावं हे १९९३ साली कोवेलो आणि ग्रे यांनीच सुचवलं होतं.

जमिनीवरच्या वनस्पतींकडे पाहिलं की हा प्रवास कसा वेगवेगळ्या वळणांनी गेला ते दिसतं. अँथोसेरॉस या हॉर्नवर्टच्या एका जातीत एकट्या हरितलवकात ९४२ जागी दुरुस्ती होते. फिस्कोमिट्रेला या शेवाळात तंतुकणिका आणि हरितलवक मिळून अवघ्या १३ जागा. आणि मार्केन्शिया या ओल्या दगडांवर पसरणाऱ्या चपट्या वनस्पतीने ही पद्धत पूर्णपणे सोडून दिली. तिच्यात अशी एकही जागा नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या ओल्या दरडीवर हॉर्नवर्टची इवली शिंगं वर आलेली दिसली तर थोडं वाकून पाहावं. नखाएवढ्या त्या हिरव्या पात्यात रोज इतकी लिखापढी चालते की मक्याच्या कणसालाही जमू नये.

हायब्रीड ज्वारीचा बाप

पीपीआर घराण्याशी महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचा संबंध जुना आहे, नाव माहीत नसलं तरी. १९६४ साली सीएसएच-१ ही आपल्याकडची पहिली संकरित ज्वारी आली. हायब्रीड हा शब्द तेव्हापासून गावोगावच्या बोलीत रुळला.

ज्वारीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. संकर करायचा तर मादी वाणाचा पराग बंद ठेवावा लागतो. कणसातल्या हजारो फुलांतले पुंकेसर चिमट्याने काढणं शेताच्या पातळीवर अशक्य. म्हणून तंतुकणिकेतल्या अशा दोषाचा उपयोग केला गेला, ज्याने पराग वांझ होतो. तंतुकणिका आईकडूनच येत असल्याने हा दोष मादी वाणातून पुढे चालत राहतो. पण शेतकऱ्याच्या शेतात उगवणाऱ्या संकरित पिकाला तर दाणे धरायला हवेत. म्हणून बाप म्हणून निवडलेल्या वाणाच्या केंद्रकात तो दोष झाकणारं जनुक असावं लागतं. पेट्यूनियात असं पहिलं पीपीआर जनुक २००२ साली हाती लागलं. पुढे मुळा, भात आणि ज्वारी यांतही या कामाची जनुकं याच घराण्यातली निघाली. यांतली बहुतेक प्रथिनं अक्षर बदलत नाहीत. ती तंतुकणिकेतल्या घातक निरोपाला चिकटतात आणि तो पुढे जाऊ देत नाहीत. कामाची तऱ्हा निराळी, पण ओळखण्याची कला तीच: लांबलचक आरएनएत आपली नेमकी जागा शोधणं.

ज्वारीच्या कणसात दाणा भरला म्हणजे केंद्रक आणि तंतुकणिका यांचं जमलं. दोन वेगळ्या पूर्वजांकडून आलेले दोन मजकूर एकाच पेशीत नांदतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोट्यवधी वर्षांचा हा शेजार आहे. तो इतका मुरलेला आहे की बिघडेपर्यंत जाणवतही नाही.

वंश कसा चालतो

शेवटी एक व्यावहारिक अडचण उरते. एम्पचा दाणा रुजत नाही. मग त्याचा अभ्यास करणारे तो वाण वर्षानुवर्षं टिकवतात कसा?

उत्तर त्याच कणसावर असतं. रिकाम्या दाण्यांच्या शेजारचे भरलेले दाणे ते पेरतात. दिसायला ते सारखेच टपोरे, सारखेच पिवळे. पण त्या भरलेल्या तीन दाण्यांपैकी सरासरी दोघांत नादुरुस्त जनुकाची एक प्रत लपलेली असते. एक चांगली प्रत पुरेशी असल्याने ते दाणे भरतात, रुजतात, वाढतात. पुढच्या हंगामात त्यांच्या झाडांची कणसं सोलली जातात, दाणे पुन्हा मोजले जातात. ज्या कणसावर चारातला एक दाणा दबलेला दिसतो, त्याचे भरलेले दाणे बियाण्याच्या पाकिटात जातात आणि पाकिटावर त्या न रुजणाऱ्या भावंडाचं नाव लिहिलं जातं.